नवीन काय ऐकलंत? इंडी आणि आडवाटेच्या संगीताचे अनुभव

रातराणी_ठाणे

"नवीन काही चांगलं आलंय का?" असं विचारलं की लोक वीस-पंचवीस नावांची यादी पाठवतात. ती फोनमध्ये पडून राहते. ज्याने एकच नाव दिलं आणि वर बजावलं, "पहिली दोन गाणी सोड, तिसऱ्यापासून सुरू कर", त्याचं मात्र मी त्याच रात्री ऐकते. म्हणून इथे याद्या नकोत. एक अल्बम सांगा. तो तुमच्यापर्यंत कसा आला, सुरुवात कुठून करायची आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हेही सांगा. इंडी, म्हणजे सिनेमाच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या झगमगाटाबाहेरचं असावं, एवढंच. याच शुक्रवारचं पाहिजे असं काही नाही, अलीकडच्या काही वर्षांतलं चालेल. बोलता बोलता जुनं निघालं तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात: दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा', ऑगस्ट २०२४. नावात कंपनी असली तरी हा बँड आहे. २०१९चा त्यांचा 'बिस्मिल्लाह' ऑफिसातल्या एका मुलीने ऐकवला होता, तेव्हापासून वाट बघत होते. सूर्यकांत साहनी संथपणे, शब्द लांबवत गातो. बाजूला ट्रम्पेट वाजत असतं आणि खाली अचानक नाचाचा ठेका सुरू होतो. 'पीपल नेव्हर चेंज'पासून सुरू करा. शब्द पहिल्या फटक्यात कळलेच पाहिजेत असा ज्यांचा हट्ट असेल, त्यांनी सोडून द्या.

टिपरू

दिल्लीचा मेटल बँड (मेटल म्हणजे जड, कर्कश गिटारचं रॉक) ब्लडीवूड, 'नू दिल्ली', मे २०२५. मी ढोलपथकात वाजवतो, म्हणून पथकातल्या पोरांनी "मेटलमध्ये ढोल आहे" असं सांगून हे माझ्या गळ्यात मारलं. मेटल मला आजही फारसं पचत नाही. पण ढोल कान देऊन ऐकला. हा पंजाबी ढोल आहे, दोन्ही तोंडांवर दोन वेगवेगळ्या काड्यांनी वाजणारा. आपल्याकडे एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप, त्यामुळे आपला घुमारा वेगळा आणि पल्लेदार. त्यांचा ढोल गिटारच्या भिंतीतून बाहेर येतो तो त्या बारीक काडीच्या कडकडाटामुळे. आपला ढोल तिथे ठेवला असता तर बेस गिटारमध्ये विरघळून गेला असता, असं माझं मत. २०२२ साली ही मंडळी जपानच्या फूजी रॉक महोत्सवात वाजवून आली आहेत. त्याचं चित्रण आधी बघा, अल्बम नंतर. डोकं दुखत असेल त्या दिवशी अजिबात नको.

निवांत_सांगली

ताशा नसेल तर काय उपयोग!

वेरूळवाट

माझं सगळं ऐकणं शास्त्रीय आणि गझलचं. 'इंडी' वगैरे शब्द मुलाच्या तोंडून ऐकलेले. त्यानेच एकदा गाडीत अरूज आफ्ताबचं गाणं लावलं. बाई लाहोरात वाढलेल्या, आता न्यूयॉर्कला असतात. 'मोहब्बत' या गाण्यासाठी त्यांना २०२२ साली ग्रॅमी मिळालं. मला वाटलं, कुणीतरी गझलेला गिटार लावून विकतंय, म्हणून फारसं लक्ष दिलं नाही. मग २०२४चा 'नाइट रेन' आला आणि त्यातलं 'ना गुल' ऐकताना मुलगा म्हणाला, "बाबा, हे शब्द कुणाचे आहेत बघा."

शब्द माह लका बाई चंदा यांचे. अठराव्या शतकातली निजामाच्या दरबारातली तवायफ आणि कवयित्री, जिचा स्वतःचा उर्दू दीवान, म्हणजे काव्यसंग्रह आहे. कबर हैदराबादला मौला अलीच्या डोंगराशी. आणि जन्म १७६८चा, आमच्या औरंगाबादचा! इथे आयुष्य गेलं, पाणचक्कीपासून बीबी का मकबऱ्यापर्यंत सगळं पाहुण्यांना दाखवून झालं, पण हे नाव गावात कुणी काढलेलं मला आठवत नाही. ते माझ्याकडे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनहून यावं लागलं.

संगीताबद्दल: तबला नाही, हार्मोनियम नाही. आवाज खालच्या पट्टीत राहतो, तान जवळजवळ नाहीच. आपल्या कानांना समेची, तालाच्या पहिल्या मात्रेची सवय असते. इथे सम शोधत बसलात तर चिडचिड होईल. माझी झाली. रात्री, घरातले झोपल्यावर, दिवा बंद करून ऐकलं तेव्हा ती खोड सुटली. 'ना गुल'पासूनच सुरू करा. 'ऑटम लीव्ह्ज' हे त्यातलं जुनं इंग्रजी गाणं मला नाही आवडलं, मुलाला फार आवडतं. त्यावरून आमचं अजून मिटलेलं नाही.

पंचगंगेकाठी

सगळं वाचतोय. राग मानू नका, पण हे सगळं पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या पोरांचं चाललंय. इकडं गावाकडं असलं कोण ऐकतंय?

मेमरीकार्ड

@पंचगंगेकाठी, मी बीड जिल्ह्यातला. ऐका.

इंटरनेट महाग होतं तेव्हा आमच्या तालुक्याला बसस्टँडसमोर मोबाईलचं दुकान होतं. रिचार्ज, कव्हर, स्क्रीनगार्ड आणि काउंटरवर एक कळकट कॉम्प्युटर. मेमरी कार्ड द्यायचं, पोरगा कार्ड रीडरला लावायचा आणि विचारायचा, "काय काय टाकू?" फोल्डरं ठरलेली: भीमगीतं, लोकगीतं, हिंदी नवीन, डीजे. दहा-वीस रुपयांत कार्ड गच्च. कुणाचं गाणं, कुणी गायलं, काही पत्ता नसायचा. फाईलच्या नावात त्या दुकानाचंच नाव. आवडलं की चावडीवर ब्लूटूथनं दुसऱ्याच्या फोनात.

आता नायजर देशातल्या एमडू मोक्तारची गोष्ट. सहाराच्या वाळवंटातला तुआरेग माणूस, डावखुरा गिटारवाला. पहिली गिटार त्यानं स्वतःच बनवली, तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या केबल लावल्या. त्याची गाणी सुरुवातीला पसरली ती अशीच, फोनच्या कार्डावरून, ब्लूटूथवरून. अमेरिकेतल्या साहेल साउंड्स या छोट्या लेबलनं तिकडच्या फोनांतली गाणी गोळा करून रेकॉर्डी काढल्या, त्यातून तो बाहेर पोचला. हे वाचलं आणि मला आमचं बसस्टँड दिसलं. त्याआधी आफ्रिकेतलं काही ऐकलेलंच नव्हतं.

'फ्युनरल फॉर जस्टिस', मे २०२४. पहिल्याच गाण्याला गिटार अशी पेटते की शेजारी येऊन विचारून गेले. शब्द तमाशेक भाषेतले, पण फ्रान्सवर आणि आपल्याच पुढाऱ्यांवर राग काढलाय हे सूर ऐकूनच समजतं. जुलै २०२३ला नायजरमध्ये लष्करानं सत्ता घेतली तेव्हा हा बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर होता आणि तिकडंच अडकला. मग तीच गाणी त्यांनी साध्या, बिनविजेच्या वाद्यांवर बसून परत रेकॉर्ड केली. ती २०२५च्या सुरुवातीला 'टीअर्स ऑफ इनजस्टिस' नावानं आली. माझं म्हणणं, दुसरा अल्बम आधी ऐका. जमिनीवर बसून टाळ्या वाजवत गातात तसं आहे, भजनाची सवय असलेल्या माणसाला लगेच धरता येतं. नंतर पहिला लावा, मोठ्यानं.

गावाकडं कोण ऐकतंय म्हणालात ना? मी ऐकतोय, ट्रॅक्टरवर.

पंचगंगेकाठी

शब्द मागं घेतला! दुसरा अल्बम ऐकून सांगतो.

आरेच्या_अलीकडे

गोरेगाव. स्वदेसी या मुंबईच्या रॅप मंडळींचं 'द वारली रिव्होल्ट', २०१९. अल्बम नाही, एकच गाणं, आणि नवीनही नाही. पण मराठी रॅप म्हटलं की आधी हे, मग बाकीचं. आरेच्या जंगलातल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर यात गातात आणि मग एमसी मवाली मराठीत सुटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात एका रात्रीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडांवर करवती सुरू झाल्या, दोन हजारांवर झाडं गेली. आम्ही रस्त्याच्या या बाजूला उभे होतो, पुढे पोलीस जाऊ देत नव्हते. कुणीतरी फोनवर हेच गाणं लावलं होतं. याच मंडळींतला एमसी तोडफोड मार्च २०२२ मध्ये गेला, अवघा चोविसाचा. त्यांचा 'चेतावनी' हा अल्बम त्यानंतर मी सलग पूर्ण ऐकू शकलेलो नाही. तुम्ही ऐका.

रातराणी_ठाणे

अमरावतीच्या १०० आरबीएच या रॅपरचं वऱ्हाडी रॅपही याच वाटेवरचं. कुणी वैदर्भीय असेल तर सविस्तर लिहा, मला निम्मे शब्द विचारावे लागतात.

खोलीतला_बँड

सगळे ऐकणारे लिहिताहेत, एक वाजवणारा लिहितो. दिवसा नोकरी, रात्री खोलीत गादी भिंतीला लावून रेकॉर्डिंग. सल्ला नाही, फक्त पडद्यामागचं थोडं, म्हणजे "अल्बम का काढत नाहीस, सुटी गाणीच का?" हे कोडं सुटेल.

नवीन गाणी शुक्रवारी येतात, कारण १० जुलै २०१५ पासून जगभर तोच वार ठरला. स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवर गाणं यायच्या किमान सात दिवस आधी संपादकांकडे सुचवलं, तर निदान जे तुम्हाला फॉलो करतात त्यांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत ते नक्की पडतं. पण एका वेळी एकच गाणं सुचवता येतं. म्हणजे आठ गाण्यांचा अल्बम एकदम काढला, तर सात गाणी मुकाट्याने आत बसतात. म्हणून सगळे एकेक गाणं सोडत राहतात आणि शेवटी त्याच गाण्यांची मोळी बांधून अल्बम म्हणतात. आळशीपणा नाही तो.

दुसरं, २०२४ पासून तिथला नियम असा की गाणं मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याचे पैसे निघत नाहीत. माझी बरीचशी गाणी त्या रेषेच्या खालीच पोहतात. म्हणून "छान आहे रे" असा मेसेज पाठवणाऱ्या मित्रांना मी सांगतो, मेसेज नको, सेव्ह कर आणि भांडी घासताना लाव.

बँडकॅम्पचं, म्हणजे वाजवणाऱ्याकडून थेट गाणी विकत घ्यायच्या साइटचं गणित सोपं आहे: डिजिटल विक्रीतले १५ टक्के त्यांचे, पैसे चुकते करण्याचा खर्च वेगळा, बाकी वाजवणाऱ्याचे. मार्च २०२० पासून काही ठराविक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात. आपल्याकडे अडचण एवढीच की तिथले पैसे पेपालमधून येतात आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले. त्यामुळे आमच्यात रूढ झालेला मार्ग: ऐकणाऱ्याने यूपीआय करायचं, आम्ही डाउनलोड कोड पाठवायचा. आवडत्या देशी बँडला इन्स्टावर विचारून बघा, बहुतेक जण लगेच देतात.

शिफारस: पुण्याचे ईझी वॉन्डरलिंग्ज. २०१७च्या 'ॲज रिटन इन द स्टार्स'पासून सुरू करा आणि पुढे या. मऊ, सुखाचं संगीत. कडक काही हवं असेल तर वर टिपरू यांनी सांगितलंच आहे.

म्हापशेकार

यूपीआयचं वाचून हसलो. आमच्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ साली 'गोअन क्रेझी' घरीच चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड केला, बहुतेक सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. आमच्या घरी ती कॅसेट आहे, वडील कुणाला हात लावू देत नाहीत. नवीन काही सुचवत नाही, ती आधी ऐका.

बर्फाळ_कॅलगरी

आमच्या गावचा, कॅनडातल्या कॅलगरीचा माणूस आहे म्हणून सांगतो. पॅट्रिक फ्लेगल, पूर्वी 'विमेन' या इथल्या बँडमध्ये होता, आता सिंडी ली नावाने गातो. 'डायमंड ज्युबिली', मार्च २०२४. बत्तीस गाणी, दोन तास. आला तेव्हा स्पॉटिफायवर नाहीच. यूट्यूबवर सलग एक लांबलचक फीत आणि जिओसिटीजच्या, म्हणजे इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळातल्या वाटाव्या अशा एका पानावर डाउनलोडची लिंक, सोबत ऐच्छिक तीस डॉलर. गाणी बदलायला बटण नाही म्हटल्यावर मी पहिल्यांदाच कितीतरी वर्षांनी दोन तास एकच गोष्ट ऐकली. बाहेर बर्फ उपसत होतो, तोही संपला. साठच्या दशकातल्या मुलींच्या गानवृंदांची गाणी लांबच्या रेडिओ स्टेशनवरून यावीत, तशी खरखर. स्वच्छ रेकॉर्डिंगचे शौकीन वैतागतील.

निवांत_सांगली

किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्ड या ऑस्ट्रेलियन बँडची गाणी माझ्या स्पॉटिफायच्या याद्यांमध्ये एकदम करडी झाली, वाजतच नाहीत. का ते कुणाला माहिती?

खोलीतला_बँड

जुलै २०२५ मध्ये त्यांनी स्पॉटिफाय सोडलं. स्पॉटिफायच्या संस्थापकाने युद्धसामग्रीच्या कंपनीत पैसे घातले, त्याच्या निषेधात. नंतर सगळे अल्बम बँडकॅम्पवर "हवे तेवढे द्या" भावाने ठेवले. अल्बम इतके आहेत की कुठून सुरू करायचं यावर वेगळा धागा लागेल.

वेरूळवाट

@खोलीतला_बँड, तुमचं स्वतःचं काय ऐकायचं ते लिहिलंच नाहीत. यूपीआय कुठे करू?

खोलीतला_बँड

काका, व्यनि (खासगी निरोप) केलाय, कोड त्यातच आहे. पैसे ऐकल्यावर. चौथ्या गाण्यापासून सुरू करा, पहिल्या तीनमध्ये शेजाऱ्यांचा मिक्सर ऐकू येतो.