लिनक्स मिंटवर पेजमेकर ७ आणि जुने मराठी फॉन्ट कसे चालवावेत?

जुळारी यांचा प्रश्न

नमस्कार. मिरजेत माझा अक्षरजुळणीचा छोटा व्यवसाय आहे. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका आणि लग्नपत्रिका ही माझी मुख्य कामे असून गेली अठरा वर्षे ती सगळी पेजमेकर ७ या पाने मांडण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये होत आली आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे पाठबळ संपले. माझ्या संगणकातला प्रोसेसर सहाव्या पिढीचा आय-३ असल्यामुळे तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि नवा संगणक घ्यावा इतकी कामे सध्या हाताशी नाहीत. म्हणून भाच्याच्या मदतीने विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही प्रणाली बसवून घेतली. इंटरनेट, पत्रव्यवहार, हिशेब हे सारे त्यावर सुरळीत चालले आहे. अडले आहे ते पेजमेकरपाशी.

पतसंस्थेच्या अहवालाचे काम कसे असते ते ठाऊक असणाऱ्यांना माझी अडचण लगेच कळेल. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, ताळेबंदातले आकडे बदलायचे, संचालकांची नावे तपासायची आणि सभेची नवी तारीख टाकायची. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असल्याने जुलैपासून हीच कामे येतात. पाऊण भाग फाइली कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. उरलेल्या फाइली एका कंपनीच्या जुन्या अक्षरसंचात आहेत. त्या अक्षरसंचासोबत कळफलकाचा एक प्रोग्राम येतो आणि यूएसबीला डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावल्याशिवाय तो उघडतच नाही.

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारे वाइन वापरावे, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकात) जुने विंडोज बसवावे, की डिस्कचे भाग पाडून दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात? संगणकात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी आहे. पेजमेकरची मूळ सीडी व मालिका क्रमांक माझ्याजवळ आहेत.

खटपट्या यांचे उत्तर

कृतिदेवच्या फाइलींसाठी आपण आधी वाइनच करून पाहावे, असे माझे मत आहे. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, यावरून कामाचा आवाका लक्षात यावा. वाइन म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करणे नव्हे. विंडोजचा प्रोग्राम ‘मला खिडकी काढून दे’, ‘ही फाइल वाचून दे’ अशा ज्या मागण्या करतो, त्या जागच्या जागी लिनक्सला समजतील अशा मागण्यांत बदलून देणारा तो दुभाषी आहे. त्यामुळे तो फारशी रॅम खात नाही. ज्या प्रोग्रामच्या मागण्या खिडक्या, फाइली आणि छपाई एवढ्यापुरत्याच असतात, तो बहुधा चालतो. जो थेट यंत्रसामग्रीला हात घालू पाहतो, तो अडतो. पेजमेकर ७ हा २००१ सालचा, पहिल्या प्रकारातला प्रोग्राम आहे.

तो ३२ बिटचा असल्यामुळे मिंटमध्ये वाइनचा ३२ बिटचा भागही मुद्दाम बसवावा लागतो. नवशिके बहुतेक इथेच अडखळतात आणि वाइनला दोष देऊन मोकळे होतात. पेजमेकरसाठी वाइनचे स्वतंत्र ‘प्रीफिक्स’ करावे, म्हणजे त्याच्या पुरता वेगळा सी ड्राइव्ह तयार होतो आणि काही बिघडले तर तेवढाच फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. हे सारे टर्मिनलमध्ये करणे नको वाटत असेल, तर ‘बॉटल्स’ नावाचा प्रोग्राम तेच काम बटणांनी करून देतो. कृतिदेवची फाइल लिनक्सच्या फॉन्टच्या फोल्डरात टाकली की वाइनलाही ती दिसते.

दोन गोष्टींची मात्र आधीच कल्पना देतो. मिंटमध्ये ऑल्ट दाबून माउस ओढला की अख्खी खिडकी सरकते, पेजमेकरपर्यंत ते पोहोचतच नाही. ती सोय ‘विंडोज’ या नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन सुपर कळीवर (विंडोजचे चिन्ह असलेल्या) न्यावी. दुसरी गोष्ट कृतिदेव वापरणाऱ्यांना जास्त जाचेल. ऑल्ट धरून अंकपट्टीवर चार आकडे दाबले की काही जोडाक्षरे उमटतात, ही सवय आपल्या बोटांत मुरलेली असणार. माझ्याकडे वाइनमध्ये ते आकडे नुसते वाया जात होते. शेवटी अशी पंधरा-वीस अक्षरे एका कोऱ्या पानावर काढून ठेवली आणि लागतील तशी तिथून उचलून चिकटवली. शोभेचा उपाय नाही, पण काम थांबले नाही.

डिस्कचे भाग पाडून दोन प्रणाली ठेवण्याच्या फंदात पडू नये. एका आकड्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याचा कंटाळा येतो आणि महिन्याभरात माणूस दोहोंपैकी एकाच बाजूला राहायला लागतो.

रफार यांचे उत्तर

खटपट्या यांच्याशी मी सहमत आहे. फक्त डोंगलचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आहे, तो पुढे नेतो. डोंगल ओळखण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर लागतो आणि वाइन असे ड्रायव्हर चालवू शकत नाही. तिथे वेळ घालवू नये. त्या फाइलींसाठी आभासी यंत्रच हवे.

आपल्या प्रोसेसरला आभासी यंत्रासाठी लागणारी सोय आहे, पण पुष्कळदा ती बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते. ती आधी चालू करावी. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ७ ला २ जीबी रॅम आणि ३० जीबी जागा पेजमेकरपुरती भरपूर होते. मूळ संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना सहसा त्या यंत्रालाच बांधलेला असतो, त्यामुळे आभासी यंत्रासाठी वेगळा, सुटा विकत घेतलेला परवाना असलेला बरा. डोंगल आतपर्यंत पोहोचण्यासाठी लिनक्समधल्या आपल्या खात्याचा समावेश ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात करावा लागतो आणि त्यानंतर एकदा लॉगआउट होऊन परत यावे लागते. हे शेवटचे वाक्य न वाचल्यामुळे माझी एक अख्खी दुपार डोंगल काढण्यात आणि लावण्यात गेली होती.

विंडोज ७ चे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजीच संपले आहे. म्हणून त्या आभासी यंत्राची नेटवर्कची जोडणी सेटिंगमध्येच तोडून ठेवावी; फाइलींची ने-आण सामाइक फोल्डरातून करावी आणि त्या फोल्डरात सगळे संग्रह न ठेवता चालू कामच ठेवावे. सगळे नीट बसल्यावर ‘स्नॅपशॉट’ घ्यावा, म्हणजे पुढे काही बिघडल्यास त्या दिवसापर्यंत मागे येता येते. वाइनबद्दलही एक सावधगिरी सांगतो: त्याचा झेड ड्राइव्ह म्हणजे आपली संपूर्ण लिनक्स प्रणाली असते, त्यामुळे पेन ड्राइव्हवरून आलेला एखादा विंडोजचा व्हायरस वाइनमधून सुरू झाला, तर आपल्या ‘होम’ फोल्डरातल्या फाइलींपर्यंत त्याचे हात पोहोचतात. ग्राहकांचे पेन ड्राइव्ह रोज लागणाऱ्या दुकानात ही गोष्ट लहान नाही.

निवांत यांचे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांनी प्रोग्राम चालेल, पण आपली अठरा वर्षांची सामग्री आहे तिथेच अडकून राहील. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द पडद्यावर मराठी दिसतो. फाइलीत मात्र ती ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात. फॉन्ट काढून घेतला की उरते ती ही पाच अक्षरे. लिबरऑफिसच्या ड्रॉमध्ये पेजमेकरच्या फाइली उघडता येतात हे पुष्कळांना माहीत नसते. आपली एक फाइल तिथे उघडून फॉन्ट बदलून पाहिलात, तर मी काय म्हणतो ते दिसेल. त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा लागणारा मजकूर हळूहळू युनिकोडमध्ये, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहते अशा पद्धतीत, आणावा आणि मांडणी स्क्रायबस या पाने मांडण्याच्या प्रोग्राममध्ये करावी, त्याच्या १.५ मालिकेपासून देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात.

रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण डोळे झाकून विश्वास ठेवावा असे ते नसतात. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा, म्हणून त्यांची जागा बदलावी लागते. एवढे बहुतेक प्रोग्राम करतात. हिंदीसाठी लिहिलेला प्रोग्राम फसतो तो आपल्या अर्ध्या ‘र’पाशी. सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ बदलून समुद्राचा ‘दर्या’ होतो, किंवा आचाऱ्याला दिलेले मानधन आचार्याच्या नावे पडते, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीतही ते सापडत नाहीत. रूपांतरानंतर ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेले सगळे शब्द शोधून स्वतः वाचावेत.

जुळारी यांचे पुढील निवेदन

तिघांचेही आभार. दहा दिवसांनंतर परिस्थिती अशी आहे. पेजमेकर वाइनमध्ये पहिल्या खेपेला बसला नाही, कारण ३२ बिटचा भाग राहिला होता. तो घातल्यावर बसला. गेल्या वर्षीचा एक अहवाल उघडताच फाइलीसाठी ठरलेला प्रिंटर सापडत नाही, नव्या प्रिंटरप्रमाणे मजकुराची मांडणी पुन्हा करू का, असा प्रश्न आला आणि मी सवयीने ‘हो’ म्हटले. चौदाव्या पानावर ठेवींच्या तक्त्याची शेवटची ओळ उडी मारून पंधराव्या पानावर गेली. फाइल न साठवता बंद केली, पुन्हा उघडून ‘नाही’ म्हटले आणि सगळे जागेवर राहिले. कोणी हाच मार्ग घेणार असेल, तर मूळ फाइलीची प्रत करूनच उघडावी.

पीडीएफसाठी पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची फाइल काढली आणि घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रामने तिचे रूपांतर केले. छापखान्याने ती कुरकुर न करता घेतली. ऑल्टच्या आकड्यांचे खटपट्या यांनी लिहिले तसेच झाले. मीही अक्षरांचे एक पान करून ठेवले आहे.

डोंगल आभासी यंत्रात चालते, परंतु दोनदा मधूनच तुटल्यासारखे झाले आणि प्रोग्राम बंद पडला. यूएसबीचे हब काढून डोंगल थेट मागच्या खाचेत लावल्यापासून तसे झालेले नाही. त्या अक्षरसंचातल्या फाइली मात्र आता एकेक करून युनिकोडमध्ये आणायच्या ठरवल्या आहेत, कारण डोंगल एकच आहे आणि त्याचे प्लॅस्टिक तडकलेले आहे. पहिली स्मरणिका काल संध्याकाळी रूपांतरित केली. मुख्याध्यापकांच्या मनोगतात ‘विद्यार्थ्यांच्या सुप्त गुणांना वाव’ ठीक आले. ‘अपुऱ्या जागेमुळे’ हे तीन ठिकाणी हाताने दुरुस्त करावे लागले.