मदत हवी आहे : गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते (बडोदा)

नमस्कार. गाडी 2008 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, बाबांनी घेतलेली. 2023 मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी पासिंग करून घेतलं. आता मीच चालवते. सोमवार ते शुक्रवार समा ते मकरपुरा जाणं-येणं होतं, त्या दिवसांत काहीच त्रास नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी सेल्फला नुसतं टक-टक करते. नेमकी सोमवारीच आईची फिजिओथेरपी असते. तिला जिन्यावरून हळूहळू खाली आणायचं आणि मग शेजाऱ्यांना जंपर केबल मागायची, हे आता सहा वेळा झालं. उत्तरायणच्या सुट्टीत तर काचा वरखाली करायची बटणंसुद्धा चालेनात.

दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. सध्याची आठ महिन्यांची आहे, 35 अँपिअर-अवरची. गॅरेजमध्ये दर वेळी इंजिन चालू करून मीटर लावतात, 14.1 व्होल्ट येतं, आणि "अल्टरनेटर (इंजिन चालताना बॅटरी चार्ज करतो तो) बरोबर आहे, बॅटरीच बदला" असं सांगतात. तिसरी बॅटरी घ्यायच्या आधी करंट जातोय कुठे ते मला शोधायचंय.

काल स्वतः मोजलं. बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून बॅटरी आणि त्या वायरच्या मध्ये मीटर जोडलं, लाल पिन 10 अँपिअरच्या भोकात. दाराचं लॅच स्क्रू-ड्रायव्हरने बंद केलं, म्हणजे आतला दिवा लागणार नाही. अर्धा तास थांबून आकडा पाहिला : 0.38 अँपिअर. मग डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक करून काढले. टेपचा (गाण्यांच्या) काढला तेव्हा 0.35 झालं, बाकी सगळे काढले तरी आकडा तिथून हलला नाही. इथे मी अडकले आहे. डिकीचा दिवा बंद होतो, मोबाइल आत ठेवून बघितलं.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीत आलं तेव्हा गाडी दोन दिवस पाण्यात होती, चाकं पूर्ण बुडाली होती. नंतर सीट, कार्पेट काढून वाळवलं, ऑइल बदललं. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

प्रतिसाद १ (इंदूर)

ताई, मोजणी अगदी बरोबर केलीत. या वयाच्या गाडीला बंद असताना 0.02 ते 0.05 अँपिअर लागणं साहजिक आहे, घड्याळ आणि ईसीयू (इंजिनचा छोटा कॉम्प्युटर) तेवढं खातात. 0.38 म्हणजे सात-आठ पट. हिशेब करून पाहा : 35 ला 0.38 ने भागलं तर साधारण 92 तासांत बॅटरी पूर्ण रिकामी. सेल्फ तर अर्ध्यावर आल्यावरच कुरकुरायला लागतो. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ साठ तास होतात, तुमचा त्रास तंतोतंत तिथेच बसतो.

आतले सगळे फ्यूज काढूनही 0.35 राहतंय, म्हणजे करंट त्या फ्यूजबॉक्सपर्यंत पोचायच्या आधीच गळतोय. माझा संशय अल्टरनेटरवर. त्याची जाड वायर बोनेटमधल्या मुख्य फ्यूजमधून थेट बॅटरीला जाते. आतल्या डायोडनी करंट एकाच दिशेने जाऊ द्यायचा असतो. एखादा कच्चा झाला की गाडी बंद असताना उलटा वाहतो. आणि 14.1 व्होल्ट येतंय म्हणून डायोड चांगले आहेत असं मुळीच नाही. हे लिहून ठेवा, कारण बहुतेक गॅरेजमध्ये तपासणी तिथेच थांबते.

आधी बॅटरीचं मायनस काढा. मगच अल्टरनेटरची जाड वायर सोडा, नाहीतर पाना बॉडीला लागला की मोठी ठिणगी उडेल. सुट्या टोकाला चिकटपट्टी (इन्सुलेशन टेप) गुंडाळा, मीटर पुन्हा मध्ये लावा. इंजिन अजिबात चालू करू नका. मीटर मध्ये असताना सेल्फ मारला तर त्याचा फ्यूज उडतो. आकडा पडला तर चोर सापडला. नाही पडला, तर बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक थेट बॅटरीवर जोडलंय का ते बघा.

प्रतिसाद २

मी जुन्या गाडीला मायनसवर कट-ऑफ स्विच बसवला आहे. गाडी लावताना फिरवायचा, बॅटरीचं कनेक्शन तुटतं, झालं.

धागाकर्ती

दादा, स्विचचं पटतं, पण वायरिंग खरंच कुठे खराब असेल तर गाडी चालताना ते तसंच राहणार. आईला घेऊन जाते, म्हणून मूळ दुखणंच काढायचंय.

इंदूरच्या काकांनी सांगितलं तसं आज सकाळी केलं. जाड वायर सोडली आणि आकडा 0.38 वरून 0.04 वर आला! दोनदा जोडून-सोडून खात्री केली. मग अल्टरनेटर काढून रावपुऱ्यातल्या एका मिस्त्रींकडे नेला. त्यांनी माझ्यासमोर उघडला. आत वाळलेला गाळ होता, डायोडच्या प्लेटवर हिरवट बुरशीसारखं चढलेलं. प्लेट आणि बेअरिंग बदललं. आता सगळे फ्यूज जागेवर, टेपसकट 0.04.

शेवटचं विचारते : सहा वेळा पार रिकामी झालेली ही बॅटरी राहील का? रात्रभर चार्जरवर लावली होती, काढून बारा तासांनी 12.4 व्होल्ट दाखवते.

प्रतिसाद १ (इंदूर)

छान काम केलंत! चांगली बॅटरी 12.6 च्या वर थांबते. वारंवार पूर्ण उतरली की प्लेटांवर सल्फेट बसतं, ते सगळं परत निघत नाही. व्होल्टवर मीटर लावून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 10 च्या खाली गेलं नाही तर तूर्त चालेल. झाकणं उघडता येत असतील तर डिस्टिल्ड वॉटर बघा, बडोद्याच्या उन्हात ते लवकर आटतं.

धागाकर्ती

10.3 आलं. पाणी दोन खान्यांत कमी होतं, भरलं. आता शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावेन आणि सोमवारी सकाळी आईला खाली आणण्याआधी मोजून आकडा इथेच लिहीन.