गुलालाच्या उधळणीचा एआर इफेक्ट : फ्रेम किती ठेवाव्यात आणि कडा काळ्या का पडतात?

शाहूपुरी_रेखाटन (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात हाताने काढलेल्या चित्रांवरून ॲनिमेशन करते. चैत्र पौर्णिमेच्या जोतिबा यात्रेसाठी स्नॅपचॅटवर चालेल असा एआर इफेक्ट (कॅमेऱ्यातल्या दृश्यावर चित्र चढवणारा) स्नॅपचॅटच्या लेन्स स्टुडिओ या साधनामध्ये तयार करीत आहे. पूर्वी मी इन्स्टाग्रामसाठी मेटा स्पार्क हे तसेच साधन वापरत असे, परंतु १४ जानेवारी २०२५ रोजी ते बाहेरच्या निर्मात्यांसाठी बंद झाल्यामुळे लेन्स स्टुडिओ मला नव्याने शिकावे लागत आहे. कॅमेऱ्यात चेहरा दिसताच दोन्ही बाजूंनी गुलाल उधळला जावा आणि मागे सासनकाठीचे (यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठीचे) वस्त्र वाऱ्यावर हलत राहावे, अशी कल्पना आहे. त्यासाठी मी १०८० × १९२० आकाराच्या ४८ पीएनजी फ्रेम काढल्या. पण इफेक्ट ठरलेल्या आकारमर्यादेत बसत नाही आणि फोनवर अडखळतो. जीआयएफ करून पाहिले, तेव्हा गुलालाच्या कडा दातेरी झाल्या. पीएनजीमध्ये त्याच कडांना काळसर रेघ दिसते, आणि प्रत्येक आवर्तन संपताना चित्र क्षणभर थांबल्यासारखे वाटते. यात्रेतला गुलाल लहानपणापासून पाहत आल्यामुळे तो कसाबसा दाखवून वेळ मारून नेण्याची माझी इच्छा नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पंचगंगा_पिक्सेल

प्रथम हिशोब पाहू. पीएनजीची फाईल डिस्कवर लहान दिसली, तरी फोनच्या स्मृतीत ती उलगडते आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. १०८० × १९२० ची एक फ्रेम म्हणजे सुमारे ८.३ एमबी; अशा ४८ फ्रेम म्हणजे जवळजवळ ३९८ एमबी. लेन्सची (स्नॅपचॅटवरच्या इफेक्टची) फाईल ८ एमबीच्या आत ठेवावी लागते ही अट वेगळीच, पण फोन अडखळतो तो या उलगडलेल्या आकारामुळे.

माझ्या मते चूक फ्रेमच्या संख्येपेक्षा विभागणीत आहे. तुम्ही संपूर्ण दृश्य एकाच पटावर हलवले आहे. उधळलेल्या गुलालाचा एकच लोट घ्या, तो २५६ × २५६ च्या १६ चौकटींत काढा आणि त्या चौकटी १०२४ × १०२४ च्या एका स्प्राइट शीटवर (सर्व चौकटी एकत्र असलेल्या चित्रावर) ४ × ४ अशा मांडा. हे शीट उलगडल्यावर सुमारे ४ एमबी होते. मग तोच लोट कणप्रणालीतून (एकच चित्र अनेक कणांसारखे उडवणाऱ्या सोयीतून) निरनिराळ्या मापांत, निरनिराळ्या कोनांत फिरवून दहा-बारा वेळा वापरा. पाहणाऱ्याला तो एकच आहे हे ओळखू येत नाही. चौकटींच्या कडेला काही पिक्सेल रिकामे ठेवा, नाहीतर शेजारच्या चौकटीचा रंग आत झिरपतो.

आवर्तन थांबल्यासारखे वाटते, कारण बहुधा तुमची शेवटची फ्रेम पहिलीचीच प्रत आहे आणि तेच चित्र लागोपाठ दोनदा दिसते. शेवटची प्रत काढून टाका. मात्र हा दोष झाकण्यासाठी पुढे-मागे चालणारा पिंग-पाँग प्रकार निवडू नका. त्यात हवेत गेलेला गुलाल पुन्हा मुठीत शिरताना दिसतो.

गुलाबी_डोंगर

कडांविषयी लिहितो, कारण याच ठिकाणी माझे कित्येक दिवस गेले आहेत. जीआयएफमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग असतात आणि पिक्सेल एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही; धुळीसारख्या विरळ होत जाणाऱ्या वस्तूसाठी ते निरुपयोगी आहे. पीएनजीतली काळी रेघ वेगळ्या कारणाने येते. पूर्ण पारदर्शक पिक्सेललाही स्वतःचा रंग असतो आणि तो सहसा काळा असतो. टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेले चित्र) लहान-मोठे करताना फोन शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढतो, तेव्हा तो न दिसणारा काळा रंग गुलाबी कडेत मिसळतो. म्हणून पारदर्शक भागाखालीही तोच गुलाबी रंग भरून ठेवा. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधून फ्रेम काढत असाल, तर रंगाच्या पर्यायात 'स्ट्रेट' (पारदर्शकतेने न गुणलेला रंग) निवडा. रंग आधीच पारदर्शकतेने गुणलेला असेल, तर मटेरियलची (चित्र पडद्यावर कसे दिसावे हे ठरवणाऱ्या मांडणीची) मिश्रणपद्धतीही, म्हणजे मागच्या दृश्यात रंग मिसळण्याची रीत, 'प्रीमल्टिप्लाइड' ठेवावी लागते. दोन्हींचा मेळ बसला नाही की रेघ हमखास येते.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. असे इफेक्ट करणारे अनेकजण 'ॲड' ही (मागच्या रंगात भर घालणारी) मिश्रणपद्धत निवडतात, कारण त्यात काळी रेघ दिसत नाही. परंतु ती पद्धत प्रकाशाची आहे : ज्योत, ठिणगी, विजेची माळ यांची. गुलाल ही भुकटी आहे, ती मागचे दृश्य झाकते. 'ॲड' वापरल्यास भर उन्हात, उजळ आकाशापुढे तो जवळजवळ नाहीसाच होईल, आणि यात्रेत तर तुमचा इफेक्ट उन्हातच वापरला जाणार आहे.

पंचगंगा_पिक्सेल

सासनकाठीबद्दल सांगायचे राहिले. वस्त्राच्या हालचालीला एकही फ्रेम लागत नाही. स्थिर चित्र घ्या आणि मटेरियलमध्ये कालानुसार बदलणाऱ्या साइन लहरीने त्याचे यूव्ही (चित्राचा कोणता भाग कुठे दिसेल हे ठरवणारे निर्देशांक) सरकवा. सरकण्याचे प्रमाण काठीपासूनच्या अंतराने गुणा, म्हणजे काठीला बांधलेली कड जागेवर राहील आणि मोकळे टोक अधिक हलेल. चित्राभोवती पारदर्शक जागा सोडा. ती नसेल तर लहर बाहेर जाताच वस्त्र सरळ रेषेत कापलेले दिसते. वातावरणात तरंगणाऱ्या फिकट गुलाबी धुळीसाठी सांधा न दिसणारे एकच धूसर टेक्स्चर दोन थरांत, वेगवेगळ्या गतीने सरकवा.

शाहूपुरी_रेखाटन

दोघांचेही मनापासून आभार. पारदर्शक भागात गुलाबी रंग भरून आणि 'ॲड'ऐवजी 'नॉर्मल' (मागचे दृश्य झाकणारे) मिश्रण ठेवून पाहिले. काळी रेघ पूर्णपणे गेली. १६ चौकटींचा लोट काढून झाला आहे आणि माझ्या जुन्या फोनवरही इफेक्ट आता अडखळत नाही. उरलेल्या जागेत गुलालाबरोबर उधळले जाणारे खोबऱ्याचे तुकडेही घेतले : त्यांना एकच स्थिर चित्र पुरले, फिरणे कणप्रणालीनेच सांभाळले. वस्त्राची लहर अजून जरा जलद वाटते. उद्या रंकाळ्याच्या काठावर वाऱ्यात हलणारे कापड चित्रित करून तिची गती त्याच्याशी जुळवणार आहे.