बालरोगतज्ज्ञांनी धोरणाच्या भांडणात उतरावं का?

चौकस आजोबा
१४ ऑक्टोबर २०२५ला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, आदेश काढला: डब्ल्यूएचओच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयाच्या नावात 'ओआरएस' (जुलाबात द्यायचं क्षार-साखरेचं पाणी) पुढे-मागे कुठेही जोडायचं नाही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यासाठी आठेक वर्षं झगडत होत्या. मेडिकलमध्ये ओआरएस मागितलं की हातात गोड टेट्रापॅक यायचा. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. या पेयांत साखर त्याच्या कित्येक पट. जादा साखर आतड्यात पाणी ओढते, म्हणजे पोराचे जुलाब आणखी वाढणार. एप्रिल २०२२मध्ये एकदा मनाई झाली होती. जुलैत लगेच पळवाट निघाली, 'हे डब्ल्यूएचओचं ओआरएस नाही' एवढं छापा आणि विका. जुलाबाच्या पोराला कडेवर घेतलेली आई ती बारीक ओळ वाचणार होती का?

माझं म्हणणं, अशी कामं एकेकट्या डॉक्टरच्या चिकाटीवर सोडू नयेत. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या जिल्हा शाखांनी हे आपलं नेमून दिलेलं काम मानावं. मूल मतदार नाही, त्याच्यातर्फे दुसरं कोण बोलणार?

कडूकिराईत
आजोबा, ते टेट्रापॅक चिठ्ठीवर कोण लिहून देत होतं, तेही सांगा की. आमच्या मुलीला सलग दोनदा लिहून मिळालं, नावासकट. बाळाच्या डबाबंद दुधाचा १९९२चा कायदा बघा, २००३मध्ये आणखी कडक केला. जाहिरात बंद, आणि डॉक्टरांच्या परिषदांना कंपन्यांनी पैसे देणंही बंद. डॉक्टर आपणहून नाही म्हणाले असते तर हे कायद्यात लिहावं लागलं असतं का? आधी स्वतःचं अंगण झाडा, मग देशाचं धोरण.

ओपीडीवाला
मी तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. किराईतांचा राग समजतो, पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. त्याच कायद्यासाठी भांडणाऱ्यांत बालरोगतज्ज्ञही होते.

आजोबांशीही माझं जमत नाही. शाखेने काय करायचं, तर ठराव करायचा, निवेदन द्यायचं, कलेक्टरसोबत फोटो काढायचा. हे आम्ही फार छान करतो! पण त्याने काही हलत नाही. हललं ते बालरोगतज्ज्ञ डॉ. एम. के. भान यांच्यासारख्यांमुळे. दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडलेल्या ११६ई या रोटाव्हायरसपासून (बाळांना जुलाब करणारा विषाणू) देशी लस बनवायचा ध्यास त्यांनी घेतला, पुढे जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून सरकारी लसीकरणात येऊ लागली, महाराष्ट्रात २०१९ला. तोवर जुलाबाने सुकलेली बाळं आम्ही सलाईन लावून वाचवत होतो आणि पैसेवाल्यांना तीच लस विकत टोचत होतो. हे दुसरं वाक्य लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

सांगायचं एवढंच, की आकडे हातात असलेला माणूस आत, खुर्चीवर हवा. बाहेरून ओरडून भागत नाही.

आशाताईंची लेक
खुर्चीच कशाला? गडचिरोलीत डॉ. अभय बंग खुर्चीवर नव्हते आणि बालरोगतज्ज्ञही नाहीत, एमडी मेडिसिन आहेत. ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ला ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरच्या आशा तेच काम करतात. माझी आई आशा आहे. बाळाचं वजन, ताप, अंगावर पितंय का, सगळं तिच्या वहीत असतं. धोरणाच्या बैठकीला तिला बोलवा. बालरोगतज्ज्ञ बहुतेक शहरात बसतात, त्यांना गावातल्या बाळंतिणीची खोली कशी असते ते ऐकूनच कळतं.

ओपीडीवाला
मान्य, पण अर्धंच. वहीतल्या नोंदी तुमच्या आईच्या, तरी ओआरएसच्या भांडणात कंपनीच्या वकिलासमोर साखरेचं प्रमाण आणि आतड्याचं शास्त्र मांडायला डॉक्टरच लागतो. आदेश निघाल्यावर कंपन्या कोर्टात गेल्याच ना?

चौकस आजोबा
निवेदन-फोटोचा टोमणा बरोबर बसला. तरी शाखा सोडून चालायचं नाही. एकट्या डॉक्टरला नोटीस आली की तो दवाखाना सांभाळेल की खटला? संघटनेकडे निदान वकील असतो.

कडूकिराईत
वकिलाची फी कुठल्या पैशातून देणार? शाखेच्या मागच्या परिषदेचे प्रायोजक कोण होते, तेवढी यादी दवाखान्याच्या दारावर लावा. ती वाचून ठरवतो, तुमच्या मागे उभं राहायचं की नाही.