बडोद्यातील लहान परसात पक्षी आणि फुलपाखरे यावीत यासाठी कोणती देशी झाडे लावावीत?

परसदार (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. दांडिया बाजारातील जुना वाडा सोडून आम्ही तीन वर्षांपूर्वी मांजलपूरच्या पुढे एका टेनामेंटमध्ये राहायला आलो. घरामागे साधारण वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद अशी मोकळी जागा असून पुढच्या बाजूला कुंपणालगत चार फुटांची पट्टी आहे. वाड्यातील नळाजवळ अडुळशाचे एक जुने झुडूप होते. आजी खोकल्याच्या काढ्यासाठी त्याची पाने काढत असे, आणि थंडीत त्याच्या पांढऱ्या फुलांवर शिंजीर पक्षी इतक्या जवळ येत की आम्ही मुले ओटल्यावर बसून ते पाहत असू. नव्या घरीही तसे काही व्हावे या इच्छेने मी बोगनवेल, पिवळा टेकोमा, पांढरा चाफा आणि दुहेरी पाकळ्यांची जास्वंद लावली. फुले भरपूर येतात, परंतु पाहुणे म्हणून केवळ कबुतरे आणि साळुंक्याच येतात. नर्सरीत ‘देशी झाडे’ मागितली, तर माळ्याने देशी गुलाब आणि झेंडू समोर ठेवले.

दोन अडचणी आधीच सांगतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या परसात दोन दिवस घोटाभर पाणी होते आणि त्यात दोन झाडे कुजली. शिवाय सोसायटीच्या भिंतीलगत बांधकाम करणाऱ्याने कोनोकार्पस या परदेशी झाडाची रांग लावून ठेवली आहे. अशा जागेत काय लावावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पानखाऊ

आपण लावलेल्या चारही झाडांना फुले येतात, आणि तरीही परस रिकामे राहते, यात आश्चर्य काहीच नाही. चाफ्याच्या फुलात मकरंद नसतोच. तो केवळ सुगंधाच्या जोरावर रात्री उडणाऱ्या पतंगांना फसवून आपले काम करून घेतो. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्यामुळे परागही हाती लागत नाहीत आणि मकरंदापर्यंत चोच पोचत नाही. बोगनवेल आणि टेकोमा ही दोन्ही अमेरिका खंडांतून आलेली, त्यामुळे त्यांची पाने खाणाऱ्या आपल्याकडच्या अळ्या फारच थोड्या. माझ्या मते प्रश्न येथेच आहे. आपण फुले मोजत आहात. मी असतो तर कुरतडलेली पाने मोजली असती.

शिंजीर मकरंदावर जगतो हे खरे असले, तरी त्याच्या पिलांना किडे आणि कोळीच भरवले जातात, आणि त्याचे लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्यानेच बांधलेले असते. बुलबुल, शिंपी, दयाळ यांचेही तेच. ज्या परसात अळी नाही, तेथे पक्षी पाणी पिऊन जाईल, संसार मांडणार नाही. म्हणून पहिली गोष्ट अशी करावी की माळ्याची फवारणी पूर्ण बंद करावी. ‘आमचे औषध जैविक आहे’ असे म्हणून निंबोळी तेल मारले जाते, पण अळीची वाढ तेही रोखतेच.

आता झाडांविषयी. कढीपत्ता आणि लिंबू आपल्याकडे बहुधा असतीलच; त्यांवर लिंबाळी फुलपाखराच्या अळ्या येतात. सुरुवातीला त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, त्यामुळे घरातील कोणीतरी त्या पुसून टाकण्याआधी सर्वांना सांगून ठेवावे. कुंपणाच्या पट्टीत तरवड लावावा. त्याच्या पिवळ्या फुलांत मकरंद नसतो, मात्र परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि मोठा काळा भुंगा फुलाला धरून उडण्याचे स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग त्यातून मीठदाणीतून मीठ पडावे तसे बाहेर पडतात. सकाळी जवळ उभे राहिल्यास तो गुणगुणाट स्पष्ट ऐकू येतो. त्याच तरवडाच्या पानांवर पिवळी आणि फिकट पोपटी फुलपाखरे अंडी घालतात. रुई हे झाड आपल्याकडे ओसाड जागेचे समजले जाते, पण ती वर्षभर फुलते. तिच्यावर भुंगे येतात आणि केशरी-काळ्या ‘प्लेन टायगर’ फुलपाखराच्या अळ्या वाढतात. या अळ्या रुईच्या चिकातील विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांना सहसा शिवत नाहीत. तेव्हा रुई फुलपाखरांसाठी लावावी, पक्ष्यांच्या खाद्यासाठी नव्हे. तिचा चीक डोळ्यांना फार अपायकारक असतो, म्हणून मुलांच्या वाटेपासून ती दूर असावी.

शिंजिरासाठी अडुळसा तर हवाच. तो हिवाळ्यापासून वसंतापर्यंत फुलतो. त्याच्या जोडीला धायटी लावावी. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तिच्या फांद्या लहान लाल नळ्यांसारख्या फुलांनी भरून जातात, आणि आसव-अरिष्टांत वैद्य वापरतात ती हीच धायटी. पावसाळ्यात मुरुडशेंग फुलते आणि तिची लाल फुलेही शिंजिरांचीच. पावसाळ्यानंतर कोरांटी येते. तिच्यावर पॅन्सी गटातील फुलपाखरांच्या अळ्या असतात. अशा रीतीने वर्षातला मोठा भाग भरून निघतो. उरतो तो कडक उन्हाळा, आणि त्यासाठी मी एका मध्यम झाडाची सूचना करीन: करंज. तो एप्रिल-मेमध्ये फुलतो, मधमाश्या त्यावर तुटून पडतात आणि साचलेले पाणीही तो सहन करतो. कडुनिंब मला अतिशय प्रिय आहे, परंतु मुळांशी पाणी उभे राहणे त्याला मानवत नाही, आणि पुराची हकिकत वाचल्यावर आपल्या परसासाठी मी तो सुचवणार नाही.

तरवडही कोरड्या माळरानाचा रहिवासी आहे. त्याच्यासाठी वीतभर तरी उंच वरंबा करावा. उलट निर्गुडी ओढ्यानाल्यांच्या काठी वाढते, म्हणून जेथे पाणी साचते त्या कोपऱ्यात तीच लावावी.

दुर्बीण

पानखाऊ यांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी नावांविषयी लिहितो, कारण बडोद्यातील मराठी माणूस नर्सरीत अडतो तो नेमका तेथेच. आपल्या तोंडी आजीची मराठी नावे असतात आणि माळ्याच्या तोंडी गुजराती. बहावा मागितला तर तो मान हलवतो, ‘गरमाळो’ म्हटले की लगेच काढून देतो. पळस म्हणजे केसूडो किंवा खाखरो, अडुळसा म्हणजे अरडूसी, रुई म्हणजे आकडो, करंज म्हणजे कणजी, निर्गुडी म्हणजे नगोड, करवंद म्हणजे करमदां, मुरुडशेंग म्हणजे मरडाशिंग. तरवडाला ‘आवळ’ म्हणतात आणि ते ऐकून आपला मराठी कान आवळा समजतो. सर्वांत मोठा घोळ धायटीचा: तिला गुजरातीत ‘धावडी’ म्हणतात आणि ‘धावडो’ हा मात्र एक मोठा जंगली वृक्ष आहे. एका मात्रेच्या फरकाने माझ्या मेहुण्यांच्या चार फुटी वाफ्यात वृक्ष येऊन बसला होता. म्हणून शक्य असेल तेथे शास्त्रीय नाव कागदावर लिहून न्यावे: धायटीसाठी वुडफोर्डिया फ्रुटिकोसा, तरवडासाठी सेना ऑरिक्युलाटा.

पक्ष्यांच्या फळांचा विचार अजून कोणी मांडलेला नाही. कुंपणासाठी करवंदाची दाट काटेरी रांग लावल्यास उन्हाळ्याच्या शेवटी बुलबुलांना फळे मिळतात आणि मांजराला आत शिरता येत नाही, त्यामुळे घरट्यांनाही आडोसा होतो. एकच झाड लावण्याइतकी जागा असेल तर भोकराचाही विचार करावा. घरच्या मंडळींनी लोणच्यासाठी हिरवे गुंदे काढून घ्यावेत आणि पिकलेली फळे बुलबुल व कोकिळांसाठी सोडावीत. ही वाटणी आमच्याकडे गेली कित्येक वर्षे बिनतक्रार चालू आहे. सोसायटीच्या सामायिक जागेत जर काही लावता येणार असेल तर पिलू लावण्याचा आग्रह धरावा. गुजरातच्या कोरड्या, खारवट जमिनीतले हे अस्सल झाड. त्याची बारीक फळे भोरड्यांना, म्हणजे येथे ज्यांना वैयां म्हणतात त्यांना, फार आवडतात, आणि ‘सामन अरब’ नावाच्या फुलपाखराच्या अळ्या त्याच्याच पानांवर वाढतात.

आणखी एक विनंती. परिसरात आंब्यावर बांडगूळ दिसले की माळी ते सरसकट छाटतो. झाडावर त्याचा फार भार झाला असेल तर छाटणेच योग्य आहे, पण एखादा झुबका राहू द्यावा. त्याच्या नळीदार फुलांवर शिंजीर येतात, फळे फुलटोच्या नावाचा छोटा पक्षी खातो आणि चिकट बी फांदीला पुसून पुढची लागवडही करतो. ज्याला आपण मराठीत हळदीकुंकू म्हणतो त्या सुंदर फुलपाखराच्या अळ्याही बांडगुळाच्याच पानांवर वाढतात.

कोनोकार्पसविषयी: गुजरात सरकारने २०२३मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. सोसायटीच्या सभेत एवढे सांगणे पुरेसे व्हावे. मात्र सगळी रांग एका दिवसात काढू नये, कारण आज चिमण्यांना तेवढाच आडोसा आहे. एकाआड एक झाड काढून त्या जागी करंज किंवा करवंद लावावे आणि ती वाढल्यावर उरलेली काढावीत.

जास्वंदवाली

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु वाचून सामान्य माणसाला आपले परस उपटून टाकावे असे वाटेल, म्हणून थोडा विरोधी सूर लावते. माझ्या कारेलीबागेतील घरी एकेरी लाल जास्वंद आहे आणि तिच्यावर शिंजीर रोज येतो. जास्वंदीचे मूळ गाव कोणते, याची चौकशी त्याने कधी केलेली नाही. सिंगापूर चेरीही परदेशीच, पण तिच्या फळांवर बुलबुल, तांबट, कोकिळ अशी सर्वांची पंगत बसते. तेव्हा परसदार यांनी दुहेरी जास्वंद काढून एकेरी लावावी, गणपतीलाही फुले होतील. बोगनवेल ठेवायची असेल तर ठेवावी. काढून टाकावे असे एकच झाड मी सांगेन, ते म्हणजे घाणेरी. फुलपाखरे तिच्यावर येतात म्हणून लोक हौसेने लावतात, पण बुलबुल तिची फळे खाऊन बिया दूरवर टाकतात आणि पुढे ती रानात देशी झुडपांना जागाच ठेवत नाही.

दुसरे असे की सगळी जमीन पालापाचोळ्याने किंवा लादीने झाकू नये. एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या बहुसंख्य जाती उघड्या जमिनीत बिळे करून अंडी घालतात. त्यांना हातभर कोरडी, उन्हातली, न खणलेली माती पुरते. भुंग्यासाठी वाळलेल्या बांबूचे दोन-चार तुकडे छपराखाली बांधावेत. गुलाबाच्या पानांना कडेने गोल कापे दिसले तर घाबरून औषध आणू नये. पाने कापणारी मधमाशी ते तुकडे घरट्यासाठी नेते, झाडाचे काही बिघडत नाही.

परसदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी कुदळ मारून पाहिली तेव्हा फूटभर माती लागली आणि खाली विटांचे तुकडे व सिमेंटचा थर निघाला. पूर ओसरल्यानंतरही पाणी का थांबले, ते आता कळले. पत्नीचा आग्रह पळसासाठी आहे; पावागडच्या वाटेवर मार्चमध्ये केसूडो फुललेला तिने पाहिला तेव्हापासून तिच्या मनात ते झाड आहे. पंधरा फुटांत पळस मावेल का?

पानखाऊ

मावेल, परंतु आपल्याला बरीच वर्षे थांबावे लागेल, कारण पळस हळू वाढतो. पिशवीतले मोठे रोप घेऊ नये. त्याचे मूळ आधी खोल जाते आणि ते पिशवीत वेटोळे घालून बसले की झाड पुढे उभारी धरत नाही. मे-जूनमध्ये गळलेल्या चपट्या शेंगा गोळा कराव्यात. प्रत्येकीत टोकाशी एकच बी असते. ते ताजे असतानाच पहिल्या चांगल्या पावसानंतर जागेवरच टोकावे. मात्र त्याआधी पहारीने तो सिमेंटचा थर फोडून तीन फूट खोल खड्डा करून घ्यावा आणि त्यात बाहेरची गोराडू, म्हणजे रेताड, माती भरावी. ती मोकळी असल्याने निचरा होतो. धायटी, अडुळसा आणि करंज यांचे खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत आणि जूनअखेरीस लागवड करावी. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी लागेल.

तोवर थंडीत एखाद्या सकाळी दोघांनी सयाजीबागेत, आपल्या कमाटी बागेत, जावे. ती १८७९ सालची बाग असल्याने झाडे जुनी आणि मोठी आहेत. कोणत्या झाडावर किती वेळात किती पक्षी येऊन बसतात ते अर्धा तास एका जागी बसून वहीत लिहावे. तरवडाचे बी माझ्याकडे आहे. ते टणक कवचाचे असल्याने पेरण्याआधी उकळून उतरवलेल्या पाण्यात घालून रात्रभर तसेच ठेवावे. खासगी निरोपातून कळवल्यास मी वीस-पंचवीस शेंगा बाजूला काढून ठेवतो.