'थ्रॉन्ग्ज'ला पोर्तुगीजमध्ये काय म्हणायचं?

मंडळी, एक शब्द दोन दिवस डोकं खातोय. एका ट्रॅव्हलवाल्यांचं माहितीपत्रक इंग्रजीतून पोर्तुगीजमध्ये करायला घेतलंय, त्यात पोर्तुगालमधल्या फातिमा या तीर्थक्षेत्राबद्दल एक ओळ आहे, दर मे महिन्यात तिथे यात्रेकरूंचे थ्रॉन्ग्ज (म्हणजे प्रचंड गर्दी) येतात अशी. डिक्शनरी उघडली की मुल्तिदांव. (शेवट 'पाव'सारखा पण नाकातून, आणि आपला पाव आलाय तिकडूनच.) अर्थ बरोबर आहे हो, पण क्राउडला मुल्तिदांव, मॉबला मुल्तिदांव, मल्टिट्यूडला तर तेच, चार पानांत सहा वेळा झाल्यावर मलाच कंटाळा आला म्हणून या ओळीत 'तुर्बा' टाकलं, लॅटिन वळणाचा भारदस्त शब्द वाटला. लिस्बनच्या बाई तपासतात, त्यांनी लाल करून परत पाठवलं आणि शेजारी लिहिलं, हे लोक मेणबत्त्या घेऊन चाललेत, मशाली नाही!

मग बघितलं तर खरंच, तुर्बा हा टर्ब्युलन्स, डिस्टर्ब यांच्याच घराण्यातला. बिथरलेला, आता दगड उचलेल असा जमाव. आपल्याकडे 'आषाढीला पंढरपुरात वारकऱ्यांचा जमाव जमला' असं कोणी लिहिलं तर कसं पोलिसांच्या नोटिशीसारखं वाटेल, तसं झालं माझं.

यावरून वाटायला लागलं की प्रश्न गर्दी किती हा नाहीच, लिहिणाऱ्याला ती गर्दी आवडते का हा आहे. मराठीत बघा, दर्शनाला रीघ लागते, सभेला जनसागर लोटतो, पण स्टेशनवर बाहेरगावच्या लोकांचे 'लोंढे' येतात. माणसं तेवढीच, फक्त बोलणाऱ्याचं तोंड वाकडं. पोर्तुगीजमधला असाच वाकड्या तोंडाचा शब्द म्हणजे ऑर्दा, इंग्रजी हॉर्डचा भाऊ. पर्यटकांना वैतागलेले लिस्बनकर तो पर्यटकांसाठी वापरतात. (गंमत म्हणजे ऑर्दा आणि आपला 'उर्दू' मुळात एकच, तुर्की 'ओर्दू' म्हणजे छावणी.) तर मला 'रीघ'च्या जवळचा शब्द हवाय, लोंढ्याच्या नाही. सुचवा.

---

रोमारिया घ्या की. मी गोव्याचा, आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली, तिच्या तोंडी हा शब्द असायचा. रोमला पायी जाणारा तो रोमैरु, त्यावरून रोमारिया, म्हणजे सरळ आपली वारीच. कोणाच्या घरी सारखी माणसं येत राहिली की त्यालाही म्हणतात, आपण नाही का म्हणत सकाळपासून वारी लागलीये. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी सेंट झेवियरचे अवशेष दर्शनाला ठेवतात, शेवटचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५, तेव्हा मी रांगेत उभा होतो, रांग कसली, तिला मुल्तिदांव म्हणणं मला कोरडं वाटलं असतं.

---

शब्द गोड आहे पण फातिमासाठी नको. पोर्तुगालात आता रोमारिया म्हटलं की लोकांना गावची जत्रा दिसते. ऑगस्टमध्ये व्हियाना दु काश्तेलूला सेन्योरा दा आगोनियाची रोमारिया असते तिथे ढोल, उंच उंच बाहुले, आणि बायका गळाभर सोनं घालून मिरवतात. फातिमा एकदम वेगळं. १९१७ साली तिथे तीन मुलांना मारियाचं, म्हणजे येशूच्या आईचं, दर्शन झालं असं मानतात, तारीख १३ मे. त्याच्या आधी कितीतरी दिवस हायवेच्या कडेने माणसं चालत निघतात, अंगात ते चमकणारं पिवळं-केशरी जॅकेट, पायाला बँडेज. १२ च्या रात्री मेणबत्त्यांची मिरवणूक, १३ ला मारियाची मूर्ती परत जाताना सगळं मैदान पांढरे रुमाल हलवतं. काहीजण तर गुडघ्यांवर चालत छोट्या चॅपलपर्यंत जातात. याला जत्रा कशी म्हणणार? मुल्तिदांवच ठेवा आणि क्रियापद बदला. 'येतात' ऐवजी आकुर्रेर, म्हणजे ओढीने धावत येणं. रीघ नामात नाही सापडत तर क्रियापदात भरा.

---

मध्येच एक नाक खुपसतो, मी ब्राझीलमध्ये होतो तीन वर्षं. तिकडे हे सगळे शब्द पुस्तकी वाटतात, गर्दी-गोंधळाला सरळ मुवूका. आणि साल्व्हादोरच्या कार्निव्हलला स्पीकरवाल्या मोठ्या ट्रकभोवती दोर धरलेला असतो, पैसे भरून खास टीशर्ट घेतलेले लोक आत, फुकटे बाहेर, त्या बाहेरच्या गर्दीला म्हणतात पिपॉका, म्हणजे पॉपकॉर्न. आपल्या लाह्या हो. उड्या मारणाऱ्या माणसांना याहून चांगला शब्द मला कुठल्याच भाषेत सापडलेला नाही. मी लाहीच होतो, टीशर्ट परवडत नव्हता. तुमच्या माहितीपत्रकाला काही उपयोग नाही, माहितीये.

---

उपयोग नाही पण मजा आली! क्रियापदाचा सल्ला मानला. एक शंका आली होती, 'यात्रेकरूंची मुल्तिदांव' म्हटल्यावर क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, तर अशा ठिकाणी दोन्ही चालतं. मी एकवचन ठेवलं, 'रीघ लागते' एकवचनीच असते ना, कानाला तेच बरं वाटलं. बाईंचं उत्तर आलं, मान्य.

आता पुढच्या पानावर पोर्तोची साओ जोआंवची रात्र आहे, २३ जूनची, नदीकाठी सार्डिन भाजतायत आणि लोक एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकचे हातोडे मारत फिरतायत. तिथे 'आ पिन्या' टाकतोय. पिन्या म्हणजे पाइनचं बोंड, त्याच्या खवल्या कशा एकमेकींना चिकटून असतात तशी खचाखच माणसं. आपल्याकडे मुंगी शिरत नाही, त्यांच्याकडे बोंड.