ताजा टॅटू, फिल्मखाली काळं पाणी आणि तोंडावर चिखलकालो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रविवारी कळंगुटच्या बाजूला जाऊन डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत टॅटू करून घेतला. पहिलाच. करणाऱ्याने वर पारदर्शक सेकंड स्किन फिल्म चिकटवली आणि तीन-चार दिवस काढू नको म्हणाला. काल रात्रीपासून फिल्मखाली काळपट पाणी साठलंय, हात हलवला की इकडून तिकडे जातं. दुखत फारसं नाही, ताप नाही, कडेने किंचित लाल आहे. शाईच वाहून चालली की काय? टॅटूवाल्याला फोटो पाठवला, त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

मित्र म्हणतो फिल्म काढून टाक, हवा लागू दे. आई म्हणते हळद आणि खोबरेल लाव, आजीच्या गोंदणाला तेवढंच केलं होतं. रोज माशेलहून पणजीला स्कूटरने जातो, रेनकोटची बाही घामाने आतून ओली होऊन हातावर घासते. टॉवेल तर या दिवसांत कोरडा मिळतच नाही.

आता खरा प्रश्न. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या माशेलात देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानावर चिखलकालो, म्हणजे चिखलात लोळून खेळायचा उत्सव. तोवर टॅटूला दोन आठवडेही झालेले नसतील. हाताला प्लॅस्टिक गुंडाळून उतरलो तर चालेल का? ‘तारीख बघून करायचा होता’ असं कृपया लिहू नका, ते घरी ऐकून झालंय.

शापोऱ्याचा_वारा:
काळं पाणी बघून घाबरू नका. ती जखमेतून पाझरणारी लस, थोडं रक्त आणि वर राहिलेली जादा शाई. टॅटूची शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक-दोन मिलिमीटर खोल असते, ती अशी वाहून जात नाही. फिल्म चारी बाजूंनी घट्ट असेल तर राहू द्या. कड सुटून पाणी झिरपायला लागलं किंवा पावसाचं पाणी आत गेलं तर मात्र त्याच दिवशी काढा आणि तीच परत चिकटवू नका. अंघोळीत कोमट पाण्याखाली, कातडीला समांतर हळूहळू ताणत काढा, खस्सकन ओढू नका.

पुढे दिवसातून दोनदा, आधी हात स्वच्छ करून, बिनवासाच्या सौम्य साबणाने बोटांनीच धुवा. टॉवेल विसरा, पेपर नॅपकिनने टिपा. मग बिनवासाचं मॉइश्चरायझर, तेही अगदी पातळ. आपल्याकडचे बहुतेक लोक इथेच घोळ घालतात. या दमट हवेत जाड थापलं की कातडी पांढरट, भिजल्यासारखी होते आणि खपल्या वेळेआधी सुटतात. थोड्या दिवसांत कोंड्यासारखे रंगीत पापुद्रे पडतील, डिझाइन धुरकट दिसेल, खाज जीव खाईल. नखं लावू नका. खपली उपटली की तिथला रंग जातो. फार झालं तर तळहाताने थोपटा.

बोंडला_बॉय:
पात्रांव, चिखलकालो पुढच्या वर्षीही आहे.

म्हापशाची_सिस्टर:
वरच्या पात्रांवांशी सहमत, पण कारण सांगते. वरची कातडी जुळायला दोन ते चार आठवडे जातात, आतलं भरून यायला त्याहून बरेच जास्त. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखमच. पावसाळ्यातल्या चिखलात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) येतो, मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. प्लॅस्टिकचा उपयोग शून्य. तिथे सगळे तेल चोपडून एकमेकांना ओढतात, पहिल्याच झटापटीत चिखल आत जाईल आणि आत घामासोबत तसाच राहील. समुद्र, तळी, स्विमिंग पूल सगळ्यांना हाच नियम. 2017 साली अमेरिकेतली एक केस प्रसिद्ध झाली होती. टॅटू ताजा असताना मेक्सिकोच्या आखातात पोहलेला माणूस व्हिब्रिओ या समुद्राच्या पाण्यातल्या जंतूच्या संसर्गाने दगावला. त्याला यकृताचा जुना आजार होता हे खरं, म्हणून सगळ्यांनीच धसका घ्यायची गरज नाही, पण पाण्यात उतरायचीही नाही.

हळद नको. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. खोबरेल पापुद्रे निघून गेल्यावर लावा, आईचं मनही राहील. मेडिकलमधून खाजेचं मलम आणून स्वतःहून लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली दिवसेंदिवस पसरत गेली, हात गरम लागला, पू आला, लाल रेघा वर चढल्या किंवा ताप भरला तर इथे विचारत बसू नका, थेट डॉक्टरकडे जा. आठवड्यांनंतर टॅटूत बारीक पुटकुळ्या आल्या तरी दाखवा. आणि रक्तदान आता 12 महिने नाही.

धागाकर्ता:
धन्यवाद सगळ्यांना. मनगटाकडची कड आज सुटलीच, फिल्म काढून धुतलं. शाई जागच्या जागी आहे! चिखलकालोला मैदानाबाहेर उभा राहून लोकांचे मोबाईल सांभाळीन म्हणतो. फक्त एक, पावसात हात भिजला तर?

म्हापशाची_सिस्टर:
नुसत्या पावसाने काही होत नाही, घरी येऊन धुवा आणि टिपा. रस्त्यावरचं पाणी उडालं तर मात्र पोचल्या पोचल्या साबणाने धुवा. रेनकोटच्या आत जुना, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला आणि ऑफिसात बदलायला एक कोरडा ठेवा. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आईला विचारा. दहा वर्षं उलटली असतील तर घेऊन टाका.